विचारावं

तेराही जणींनी पाचच लिहिलं होतं. मी आधी चष्मा पुसला, मग लॅपटॉपचा पडदा पुसला, मग वाटलं की माझंच काहीतरी चुकलं, वरचा आकडा खालपर्यंत ओढला गेला असेल. मोबाईलवर एकेकीने पाठवलेलं उत्तर पुन्हा उघडून पाहिलं, तर पाच, पाच, पाच. आणि त्याखालच्या 'शेरा' नावाच्या चौकटीत, जिथे कधी कोणी काही लिहीत नाही, तिथे तेराही ठिकाणी एकच शब्द होता: विचारावं. नंदुरबारच्या आमच्या नर्सिंग कॉलेजची स्टाफरूम दुपारी रिकामी असते. खिडकीतून वाळत घातलेल्या मिरच्यांचा खाट आत येत होता आणि मला ठसका लागला. तो खाटाने लागला की त्या आकड्यांनी, हे मला सांगता येणार नाही.

अभ्यास माझा पीएच.डी.चा आहे. विषय ऐकला की लोक गप्प होतात, म्हणून मी तो एका दमात सांगून टाकते. मूल मेलेलं जन्माला आलं तर त्या आईसाठी नर्सने काय करावं, यावर जिल्ह्यातल्या अनुभवी नर्सेसचं एकमत शोधायचं. एकमत शोधण्याची एक शास्त्रीय रीत असते. त्यात सगळ्यांना एका खोलीत बसवायचं नाही. एका खोलीत बसवलं की काय होतं ते मी बारा महिने बघते. एक मोठ्या सिस्टर बोलतात आणि बाकीच्या माना हलवतात. म्हणून प्रत्येकीला एकटीला गाठायचं. एक विधान द्यायचं आणि पुढे एक ते नऊ आकडे. एक म्हणजे मुळीच नको, नऊ म्हणजे करायलाच हवं. उत्तरं गोळा करायची, कुणाचंही नाव न घेता सर्वांना कळवायची आणि पुन्हा विचारायचं. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की आकडे आपोआप एकमेकांकडे सरकतात. मला ही रीत मनापासून आवडते. कुणी कुणाचं तोंड बघत नाही, कुणाच्या वयाचा दाब नाही, कुणाच्या आवाजाचा नाही. तापीकाठच्या भरल्या घरात वाढून तसल्याच भरल्या घरात नांदायला आलेल्या बाईला, एकटीने मत देण्याची ही सोय म्हणजे केवढी चैन वाटते ते तसल्या घरातल्या बाईलाच कळेल. घरात माझं मत विचारायचं झालं तर भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं जायचं, आणि तेही सासूबाईंनी चाखून झाल्यावर.

विधानं बरीच होती, पण ज्याच्यापुढे पाच-पाच उभे होते ते एकच विधान असं: मृत जन्मलेलं बाळ आईला दाखवावं. गाईड मॅडमना मी सांगितलं होतं की हे परदेशातल्या लेखांतून घेतलंय. लेखांत ते होतंच, खोटं नाही. पण मी ते सुरतेहून आणलं होतं. आमच्याकडे जरा गुंतागुंत झाली की सुरतच गाठतात, तशी मलाही नेली होती. त्या खासगी दवाखान्यातलं मला फार थोडं आठवतं, आणि जे आठवतं ते कशाच्याच उपयोगाचं नाही. छतावरचा पंखा बंद होता. पायांशी कुणीतरी गुजरातीत काहीतरी म्हणालं आणि मग कुणीच काही म्हणेना. एक नर्स हिरव्या कापडाचं गाठोडं घेऊन दाराकडे गेली. तिची पाठ दिसली, पांढऱ्या चपला दिसल्या, आणि दार तिने कोपराने ढकललं, कारण हात मोकळे नव्हते. एवढीच माझी मुलगी मी पाहिली. मुलगी होती हे नंतर कळलं. हेमराज, माझा नवरा, आणि सासरे तिला घेऊन गेले आणि आमच्याकडच्या तापीच्या अलीकडे कुठेतरी ठेवून आले. सासूबाई म्हणाल्या, बघितलं नाही तेच बरं झालं, बघितलं की जीव गुंतून राहतो. सगळ्यांनी माना हलवल्या. मग दूध आलं. कुणी सांगितलंच नव्हतं की ते येणार. नर्सिंग शिकवणारी बाई मी, आणि ब्लाउज ओला झाला तेव्हा मला आधी वाटलं की आपल्यावर पाणी सांडलं.

तेव्हा मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. मला नऊ हवे होते. तेरा अनुभवी बायकांनी, एकमेकींना न विचारता, शास्त्रीय पद्धतीने, निनावी, दोन फेऱ्यांनंतर म्हणावं की दाखवायला हवं होतं. पहिल्या फेरीत आकडे सगळीकडे उधळले होते, कुठे एक, कुठे नऊ, आणि मी मनात म्हटलं होतं, थांबा, सरकतील. आणि ते सरकले, पण मधोमध जाऊन बसले. पाचाचा अर्थ आमच्या रीतीत 'ठरत नाही' असा असतो. म्हणजे हे विधान यादीतून गळणार. आणि वरून तो शब्द! विचारावं. हा शब्द माझ्या ओळखीचा आहे, आमच्या खात्याचा तो श्वासच आहे. पेशंटच्या नातेवाइकाने काहीही विचारलं, ताप किती आहे म्हटलं तरी, आमची नर्स म्हणते, डॉक्टरांना विचारून सांगते. सुट्टी कधी मिळेल, विचारून सांगते. पाणी दिलं तर चालेल का, विचारून सांगते. मी विद्यार्थिनींना इतकी रागावते या एका वाक्यावरून, की त्या माझ्यामागे मला 'विचारून मॅडम' म्हणतात हे मला माहीत आहे. आणि आता जन्मभराच्या अनुभवाचं सार म्हणून तेरा जणींनी मला लिहून दिलं होतं की साहेबांना विचारावं. मला राग आला, कारण मला रागावता येतं, दुसरं काही पटकन येत नाही.

मी कौसाबाईंना फोन लावला. नंदुरबारच्या जुन्या सिस्टर, आता निवृत्त, नात्याने माझ्या सासूबाईंच्या लांबच्या बहीण, आणि पहिल्या फेरीत या विधानापुढे ठसठशीत एक लिहिणाऱ्या. म्हटलं, मावशी, हे सगळ्यांचं सारखं कसं आलं?

"आसं काय करस वं," कौसाबाई आमच्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "तूच तं सांगेल व्हतं ना, एकमत जोयजे म्हनीसन. मंग आम्हीन एकमत करं. बठ्याजनी एक जागे बसनूत ना, खांडबाराले, प्रिस्किलाना घर. दिनभर बसनूत. भांडनूत बी."

"मावशी, पण सगळ्याजणींनी एकत्र बसून नव्हे, एकटीएकटीने भरायचं होतं."

"एकलीनं एकमत कसं व्हई?" त्या खरोखरच गोंधळून म्हणाल्या. "तुले आनंद नही व्हयना का?"

मी फोन ठेवला आणि नाशिकला गाईड मॅडमना लावला, आणि त्यांनी अपेक्षेप्रमाणे सांगितलं. ही फेरी दूषित झाली. टाकून द्या. नव्या तेरा जणी शोधा, पुन्हा पहिल्यापासून. मॅडम चुकीचं काही बोलत नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि जरा जास्त चिडून म्हटलं असतं. त्या रात्री हेमराज जेवताना म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, आकडे. तो पुढे काही बोलला नाही. आमचं लग्न बरंचसं अशा न बोलण्यावर नीट चाललेलं आहे. त्याला मी कधी दोष दिला नाही, आणि त्याने मला. आमच्यात ती मुलगी म्हणजे घरातली एक बंद खोली होती. तिच्या दारावरून आम्ही रोज जातो आणि पाय वाजवत नाही.

शनिवारी मी सुरतेकडची पॅसेंजर पकडून खांडबाऱ्याला गेले. या रुळांवरून मी सहसा जात नाही. डब्यात नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला जाणाऱ्या बायका होत्या आणि त्या इतक्या मोठ्याने हसत होत्या की मला त्यांचा हेवा वाटला. मी मनात भाषण तयार करत होते. सिस्टर, संशोधन म्हणजे भिशी नव्हे. सिस्टर, तुमच्या सोयीसाठी नाव गुप्त ठेवलं होतं. खिडकीबाहेर सपाट रान संपून टेकड्या सुरू झाल्या, आणि मला एकदम आठवलं की परतताना मी याच रुळांवर होते, मला न्यायला पुन्हा सुरतेला आलेल्या हेमराजच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि गाडी याच टेकड्यांतून उलट्या दिशेने चालली होती. तेव्हा बाहेर काय दिसलं ते मात्र काही केल्या आठवेना. मी खूप प्रयत्न केला. झाडं असतीलच. सकाळ असावी की दुपार? माझ्याजवळ एक आख्खा प्रवास नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच कळली आणि भाषणातलं पुढचं वाक्य सुटलं.

प्रिस्किला सिस्टर तेरांतल्याच एक; त्यांचं घर स्टेशनापासून चालत जाण्याजोगं आहे. अंगणात तुरीच्या शेंगा पसरल्या होत्या. त्यांचे यजमान योहानभाऊ खाट टाकून, पाणी ठेवून मागच्या बाजूला निघून गेले. सिस्टर डोंगराकडच्या गावातल्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या; घरात त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मात्र त्या शाळेतली मराठी बोलतात, सावकाश, प्रत्येक शब्द जागेवर ठेवत. वयाने मोठ्या असून मला मॅडम म्हणतात. मी खाटेवर बसले, त्या खाली शेंगा सोलत बसल्या, आणि मी भाषण सुरू केलं. पहिल्या वाक्याला त्या मान हलवत होत्या. दुसऱ्यालाही. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही एकमत पाहिजे म्हणाल्या. आमच्या गावात एकमत म्हणजे बसायचं. हात मोजत नाहीत. एकाला जरी पटलं नाही तरी उठायचं नाही. तुमच्या कागदावर दुसरी रीत होती हे आम्हाला समजलं नाही असं नाही. समजलं. पण या प्रश्नाला एकटीने आकडा लावायला आमचा कुणाचा हात होईना."

आणि मग त्यांनी सांगितलं तो रविवार कसा गेला ते. त्या तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतल्या नाहीत; त्यामुळे मला तो सगळा दिसला, या अंगणातच. चर्चहून आल्यावर सिस्टरांनी भात टाकला होता. खापरकडच्या बायका जीपने आल्या, नंदुरबारकडच्या आगगाडीने. कौसाबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं की दाखवू नये म्हणजे नये. त्यांनी एकदा दाखवलं होतं. शहाद्याकडची एक तरुण मुलगी, तिने बाळ हातात घेतलं आणि सोडेना. घरचे बाहेर गाडी घेऊन उभे, ओरडत होते. शेवटी कौसाबाईंनी तिची बोटं सोडवली. एकेक करून. इतकी वर्षं झाली, चपातीची कणीक हाताला चिकटली की त्यांना ती बोटं आठवतात. हे सांगून त्या म्हणाल्या, आता लिहा तुमचा नऊ. मग प्रिस्किला सिस्टर बोलल्या. त्यांच्याकडे एक बाई, बाळंत होऊन गेलेली, पुढच्या पावसाळ्यात उपकेंद्रावर परत आली. काही दुखत नव्हतं. ती नुसती विचारायला आली होती की बाळाचं नाक कुणासारखं होतं. "मी पाहिलंच नव्हतं, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "गुंडाळलं आणि दिलं. तिला काय सांगू?" बाई पावसात आली तशी पावसात गेली.

मग तेरा जणी भांडल्या. भात निवला. एकीने म्हटलं दाखवावं, दुसरीने म्हटलं नुसता फोटो काढून ठेवावा, तिसरीने म्हटलं घरातल्या पुरुषांना विचारा, तिच्यावर बाकीच्या तुटून पडल्या. दुपार टळली तरी कौसाबाई एकावर आणि प्रिस्किला सिस्टर नऊवर. आणि तेव्हा दिवलीबाई, अक्कलकुव्याकडच्या, ज्या सकाळपासून कुणाचं तरी लहान मूल मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "त्या शहाद्याच्या पोरीला कुणी विचारलं होतं का, बघायचंय का म्हणून?" कौसाबाई म्हणाल्या, नाही, मी सरळ हातात दिलं. "आणि सिस्टर, तुमच्या बाईला?" नाही. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं. कुणीच कुणाला विचारलेलं नव्हतं. दाखवणाऱ्यांनी न विचारता दाखवलं होतं, लपवणाऱ्यांनी न विचारता लपवलं होतं. "त्यानंतर, मॅडम, भांडायला काही राहिलंच नाही," सिस्टर म्हणाल्या. "काही जणी रडल्या. कौसाबाई मात्र एवढ्यात ऐकणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, अशा वेळी तिला काय कळतंय, ती घाबरून नाही म्हणेल आणि जन्मभर रडेल. ते पण खरंच. तर मग त्याच म्हणाल्या, एकदाव इचारो, मंग थांबो, मंग आखो इचारो; म्हणजे थांबून पुन्हा विचारायचं. म्हणून आम्ही विचारावं लिहिलं. चौकट छोटी होती."

"आणि पाच?" मी विचारलं.

"एक म्हणजे आम्ही ठरवलं नको. नऊ म्हणजे आम्हीच ठरवलं पाहिजे. मधला आकडा आमचा नाही. तो तिच्यासाठी मोकळा ठेवला."

मी थक्क झाले. हा शब्द मी उगाच वापरत नाही. परीक्षेच्या पेपरांत मुली तो लिहितात तेव्हा लाल रेघ मारते. पण दुसरा शब्द नाही. ज्यांच्या हातात इतकं थोडं असतं, ज्यांना पाणी पाजायलासुद्धा विचारावं लागतं, त्या बायकांना मी एक ठरवण्याचा हक्क दिला होता, आणि एक आख्खा रविवार भांडून त्यांनी तो एकमताने सोडून दिला होता, जिचा होता तिला. माझ्या शास्त्रात याला जागा नाही. माझ्या शास्त्रात पाच म्हणजे कच्चं मत. मला त्या अंगणाचीच भीती वाटायला लागली, देवळात गेल्यावर वाटते तशी. चपला काढाव्यात असं वाटलं, आणि खरंच पाहिलं तर त्या मी आधीच काढलेल्या होत्या. मनात एक गोष्ट ठरून गेली. ही फेरी मी टाकणार नाही. काय घडलं ते तसंच लिहीन. मॅडम रागावतील, पदवी लांबेल, लांबू दे. हे ठरवायला मला काहीच वेळ लागला नाही.

सिस्टरांनी सोललेल्या तुरीवर हात फिरवला आणि वर न बघता म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. कॉलेजात कुणालाच माहीत नाही. "आम्ही सगळ्यांनी ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "प्रश्न वाचूनच. असा प्रश्न कुणी पुस्तकातून काढत नाही." म्हणजे तेरा जणी इथे बसून भांडत होत्या तेव्हा मीही त्यांच्यात होते. माझ्या निनावी अभ्यासात एकच नाव उघडं पडलं होतं, माझं. आणि कुणीही, भांडखोर कौसाबाईसुद्धा, मला त्याचा धक्का लागू दिला नव्हता.

नाही म्हटलं. कुणी विचारलं नाही.

"बघायचं होतं का?"

किती वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं! त्यावर संशोधन उभं केलं होतं. आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं, माहीत नाही. सिस्टर बरं म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. मला उन्हात पसरलेली तूर दिसत होती, तिच्यावर एक चिमणी येत होती, जात होती. मी घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं. सुरतेत त्या खाटेवर मी घाबरलेली होते, आणि त्या नर्सने मागे वळून विचारलं असतं तर मी आधी नाहीच म्हटलं असतं. बऱ्याच वेळाने सिस्टरांनी तेच, त्याच आवाजात, पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. मग मी अशी रडले की योहानभाऊंना मागच्या दारी ऐकू गेलं असणार, पण ते आले नाहीत.

खांडबाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसले तेव्हा ऊन उतरत होतं. अंग हलकं झालं होतं आणि डोकं भणभणत होतं. मी मनात ते दृश्य पुन्हा पाहत होते: कापड, पाठ, चपला, कोपराने ढकललेलं दार. आणि आज पहिल्यांदा मी दाराच्या पलीकडे गेले. पलीकडे हेमराज उभा असणार. त्याच्या हातात दिलं असणार. तो तिला घेऊन सुरतेहून आमच्याकडच्या तापीपर्यंत आला होता, मोटारीत मांडीवर घेऊन. सासरे पुढे बसले असतील. तिला घ्यायचंय का, धरायचंय का, जमेल का, हे त्याला तरी कुणी विचारलं होतं? मी तर नाहीच. मी त्याला त्या गाडीत कधी बसवलंच नव्हतं. मी फोन लावला.

"काय व्हयनं? गाडी चुकनी का?" हेमराज म्हणाला.

"नही. एक इचारनं व्हतं," मी म्हटलं. कॉलेजातली मराठी कुठे गेली कुणास ठाऊक. "ती कशी व्हती?"

'ती कोण' असं तो म्हणाला नाही. फोनमध्ये त्याच्या दुकानाबाहेरची रहदारी ऐकू येत होती. मग शटर ओढल्याचा आवाज आला आणि रहदारी बंद झाली.

"केस व्हतात," तो म्हणाला. "काया, बराच. कपाय तुन्हामायक." काळे केस, कपाळ माझ्यासारखं, मी मनात घोकलं. "तू कधी तरी इचारशी म्हनीसन मी बठ्ठं ध्यानमा ठेयेल शे. सांगू?"

सांगा, मी म्हटलं.